कॅमेऱ्यात पांढरं, संगणकावर लालभडक

प्रश्न: मी वसईला होळी बाजाराजवळ राहतो. जुना डीएसएलआर पडून होता, तो ७२० नॅनोमीटरचा फिल्टर बसवून इन्फ्रारेडसाठी बदलून घेतला. किल्ल्यात आणि आसपासच्या वाड्यांमध्ये फोटो काढतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पानं छान पांढरी दिसतात, पण तीच रॉ फाइल संगणकावर उघडली की सगळं लालभडक. लाल कमी करत गेलो तरी आकाश मातकट तपकिरी राहतं. इतरांच्या फोटोंत निळं आकाश आणि पांढरी, सोनेरी, गुलाबी झाडं असतात. ते रंग खरे असतात की फोटोशॉपची करामत? आणि माझ्याच फोटोंत ते का येत नाहीत? आणखी एक, होळीच्या रात्री या कॅमेऱ्याने फोटो काढला तर माणसांच्या अंगातली उष्णता दिसेल का?
— एक वाचक, होळी, वसई

उत्तर: तुमची फाइल बिघडलेली नाही आणि कॅमेरा बदलून देणाऱ्यानेही काही चुकीचं केलेलं नाही. व्हाइट बॅलन्सच्या बाबतीत तुमचा कॅमेरा आणि तुमचं सॉफ्टवेअर यांचं पटत नाही, एवढंच.

७२० नॅनोमीटरच्या फिल्टरमधून जो उजेड आत येतो तो सेन्सरच्या लाल पिक्सेलांवर सगळ्यात जास्त पडतो. हिरव्या आणि निळ्या पिक्सेलांना त्या मानाने कमी मिळतो. हा असमतोल काढायचा तर व्हाइट बॅलन्स इतका खाली न्यावा लागतो की नेहमीच्या फोटोग्राफीत त्याची गरजच पडत नाही. तुम्ही उन्हातल्या गवतावर कॅमेरा रोखून कस्टम व्हाइट बॅलन्स घेतला असणार, म्हणून पडद्यावर पानं पांढरी दिसली. लाइटरूम किंवा कॅमेरा रॉमध्ये मात्र तापमानाची पट्टी २००० केल्विनला संपते. तुमच्या फाइलला त्याच्याही खाली जायचं असतं. पट्टी संपली की सॉफ्टवेअर तिथेच थांबतं आणि उरलेला लाल तसाच राहतो.

यातून सुटायचे दोन रस्ते आहेत. सोपा रस्ता म्हणजे कॅमेरा कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर वापरणं. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल किंवा निकॉनचं एनएक्स स्टुडिओ कॅमेऱ्याने लिहून ठेवलेला व्हाइट बॅलन्स जसाच्या तसा वाचतं. त्यातून सोळा बिटांची टिफ फाइल काढायची आणि पुढचं काम फोटोशॉपमध्ये किंवा गिम्पमध्ये करायचं. दुसरा रस्ता थोडा खटपटीचा, पण एकदाच करावा लागतो. अडोबीचा डीएनजी प्रोफाइल एडिटर नावाचा फुकट प्रोग्राम आहे. त्यात आपली एक फाइल डीएनजी करून उघडायची, कलर मॅट्रिसेसमध्ये तापमानाची पट्टी उणे शंभरपर्यंत सरकवायची आणि ते प्रोफाइल जतन करायचं. मग लाइटरूममध्ये ते प्रोफाइल निवडलं की २०००च्या वर भरपूर जागा मिळते आणि ड्रॉपर गवतावर टेकवला की लाल झटकन ओसरतो. मी दुसराच रस्ता सुचवेन. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फाइलमागे एक फेरी वाढते आणि फोटो शेदीडशे असले की कंटाळा येतो.

आता रंग खरे की खोटे, याकडे वळू. इथेच बहुतेकांचा घोळ होतो.

आपल्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतचा उजेड दिसतो. त्यापलीकडे उजेड संपत नाही. विल्यम हर्शेलने १८०० साली लोलकातून उन्हाचा पट्टा पाडला आणि तांबड्याच्या बाहेर, जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे थर्मामीटर ठेवला, तर पारा वर चढला. त्या न दिसणाऱ्या भागाला आपण अवरक्त म्हणतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरमधलं सिलिकॉन हा उजेड जवळजवळ ११०० नॅनोमीटरपर्यंत पकडू शकतं. म्हणूनच कंपन्या सेन्सरसमोर अवरक्त अडवणारी काच बसवतात; तुमच्या कॅमेऱ्यातून ती काढून तिच्या जागी ७२०चा फिल्टर आला आहे. मात्र सेन्सरवरचे लाल, हिरवे, निळे बारीक फिल्टर काही काढलेले नाहीत. ते ज्या रंगद्रव्यांचे असतात ती दिसणाऱ्या उजेडाची वाटणी नीट करतात. अवरक्तात जसजसं पुढे जावं तसतशी ती सगळीच पारदर्शक होत जातात. ८५० नॅनोमीटरच्या उजेडाला लाल फिल्टर काय आणि निळा काय, जवळपास सारखंच. त्यामुळे ८३०चा फिल्टर लावणाऱ्याला रंग मिळतच नाही. तिन्ही चॅनल एकसारखे येतात आणि फोटो कृष्णधवलच करावा लागतो, तोही देखणा होतो.

तुमच्या ७२०मध्ये जो काही रंग आहे तो ७०० ते ७८०च्या आसपासच्या छोट्या पट्ट्यातून येतो. तिथे लाल चॅनल अजून इतरांच्या पुढे असतो. ज्या वस्तूकडून या आखूड लहरी जास्त प्रमाणात येतात ती लाल चॅनलकडे झुकते. जिच्याकडून लांब अवरक्त जास्त येतं ती तिन्ही चॅनलांत सारखी पसरते. कॅमेऱ्याला फरक कळतो तो एवढाच. त्या फरकाला निळा म्हणायचं की नारिंगी, हे तुम्ही ठरवायचं. म्हणजे अवरक्तातले रंग खरे नसतात, पण ते कुणीतरी ब्रशने फासलेलेही नसतात. त्यांच्यामागे मोजमाप असतं, फक्त त्या मोजमापाला नाव आपण देतो.

पान पांढरं का दिसतं, हेही याच ओघात सांगतो. हरितद्रव्य लाल आणि निळा उजेड खातं, हिरवा थोडा परत पाठवतं; साधारण दहा-पंधरा टक्के. पण ७०० नॅनोमीटरच्या पुढे हरितद्रव्याला उजेडात रसच उरत नाही. उजेड पानाच्या आत शिरतो, पेशींच्या भिंती आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांच्यात इकडून तिकडे परावर्तित होतो आणि चाळीस-पन्नास टक्के पुन्हा बाहेर पडतो. थोडक्यात, पानाचा पांढरेपणा त्याच्या आतल्या रचनेतून येतो. आंब्याची तांबूस पालवी आणि त्याच झाडाचं जून हिरवं पान शेजारी शेजारी धरून फोटो काढून पाहा. दोन्ही जवळजवळ सारखीच उजळ येतात. रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९१०मध्ये असे फोटो पहिल्यांदा छापले, तेव्हा उन्हातली झाडं काळ्याभोर आकाशासमोर पांढरी उभी होती. आकाश काळं का? कारण आकाशाचा उजेड म्हणजे हवेने विखुरलेला उजेड, आणि लहर लांब झाली की विखुरणं झपाट्याने घटतं. ४५० नॅनोमीटरचा निळा ८०० नॅनोमीटरच्या अवरक्तापेक्षा साधारण दहापट जास्त विखुरतो. अवरक्तात आकाशातून यायला फारसं काही शिल्लकच राहत नाही.

जे थोडं येतं त्यात आखूड लहरींचा वाटा जास्त असतो. इथेच तुमच्या मातकट तपकिरी आकाशाचं उत्तर आहे. तुम्ही पानावर व्हाइट बॅलन्स केलात, म्हणजे पानात तिन्ही चॅनल सारखे केलेत. आकाशात लाल चॅनल पानापेक्षा थोडा वरचढ, म्हणून आकाश तांबूस तपकिरी. तुम्ही काढताय तो प्रत्येक फोटो असाच येणार. ज्यांच्या फोटोंत आकाश निळं असतं त्यांच्याही कॅमेऱ्यातून तो असाच तपकिरी बाहेर पडलेला असतो.

ते लोक करतात काय? लाल आणि निळ्या चॅनलांची अदलाबदल. फोटोशॉपमध्ये चॅनल मिक्सर उघडा. वर आउटपुट चॅनल लाल असताना लाल शून्य करा आणि निळा शंभर. मग आउटपुट चॅनल निळा निवडून लाल शंभर करा आणि निळा शून्य. हिरव्याला हात लावू नका. तपकिरी आकाश एका क्षणात निळं होतं. पानं पांढरीच राहतात, कारण त्यांच्यात अदलाबदल करण्यासारखं काही नसतंच. गिम्पमध्येही हाच चॅनल मिक्सर आहे. लाइटरूममध्ये मात्र तो नाही, म्हणून ही पायरी बाहेर जाऊन करावी लागते. आणखी एक फायदा म्हणजे निळ्याचा डोळ्यावरचा भार लालपेक्षा कमी असल्याने आकाश थोडं गडदही होतं आणि ढग उठून दिसतात.

हे इतकं सोपं असेल तर मग सगळ्यांचे फोटो सुंदर का येत नाहीत? कारण खरी निवड अदलाबदलीच्या आधीच होऊन गेलेली असते, व्हाइट बॅलन्स कशावर घेतला तिथे.

वसईच्या किल्ल्यातलं उदाहरण घ्या. छप्पर गेलेल्या कुठल्याही चर्चच्या आत उभे राहा, सेंट जोसेफच्या मनोऱ्यापाशी म्हणा. एकाच चौकटीत दगडी भिंत आहे, भिंतीवर चुन्याचा गिलावा शिल्लक आहे, फटींतून वडा-पिंपळाची पानं डोकावताहेत, मागे ताडाचं झाड आणि कमानीतून आकाश. व्हाइट बॅलन्स पानावर घेतलात तर अदलाबदलीनंतर पानं पांढरी, आकाश निळं आणि दगडालाही आकाशाच्या बाजूची किंचित थंड झाक येते. आता तोच ड्रॉपर गिलाव्यावर किंवा दगडावर टेकवा. दगड तटस्थ राखाडी होतो. पानांत लांब अवरक्ताचा वाटा दगडापेक्षा जास्त असल्याने ती आधी निळसर होतात आणि अदलाबदलीनंतर फिकट पिवळसर. म्हणजे पानाला रंग हवा असेल तर पानावर व्हाइट बॅलन्स करायचा नाही. बहुतेक ठिकाणी गवतावर व्हाइट बॅलन्स घ्या असंच सांगितलेलं असतं, आणि मग लोक विचारत बसतात की पान इतकं निर्जीव का.

मला स्वतःला पानात किंचित ऊब ठेवलेली आवडते. संपूर्ण पांढरं केलं की ताडामाडांवर बर्फ पडल्यासारखं दिसतं, आणि कोकणातल्या माणसाला ते पटत नाही. युरोपातल्या ओक-बीचच्या रानात तो परिणाम खपून जातो. तिथे बर्फ पडतोच.

दगडाबद्दल आणखी थोडं. पावसाळ्यानंतर किल्ल्याच्या भिंतींवर शेवाळ आणि नेचे असतात. डोळ्याला ती भिंत काळपट हिरवी दिसते. अवरक्तात शेवाळ उजळतं आणि मधले दगड गडदच राहतात, त्यामुळे एरवी लक्षात न येणारे दगडांचे सांधे आणि चुन्याच्या रेघा एकदम स्पष्ट होतात. नोव्हेंबरनंतर शेवाळ वाळतं आणि हा खेळ संपतो.

सोनेरी आणि गुलाबी पानांबद्दल तुम्ही विचारलंय. सोनेरी पान साधारण ५९० नॅनोमीटरच्या फिल्टरने येतं. हा फिल्टर नारिंगी आणि तांबडा उजेडही आत सोडतो. लाल चॅनलमध्ये तांबडा अधिक अवरक्त, निळ्या चॅनलमध्ये जवळजवळ नुसतं अवरक्त, अशी विभागणी होते. हरितद्रव्य तांबडा खातं, त्यामुळे पान आणि इतर वस्तू यांच्यातला फरक ७२०च्या तुलनेत कितीतरी मोठा होतो. अदलाबदल केली की पान सोन्यासारखं पिवळं आणि आकाश गर्द निळं. तुमच्या कॅमेऱ्यात ७२० कायमचा बसला आहे, म्हणजे तांबडा आधीच अडवला गेला आहे. तुम्हाला पिवळसर झाक मिळेल, सोनं मिळणार नाही. ह्यू-सॅच्युरेशनच्या पट्ट्या ओढून आणलंत तर ते तुम्ही रंगवलेलं असेल. रंगवायला हरकत नाही, पण मग आकाशात पट्टे पडले म्हणून कॅमेऱ्याला दोष देऊ नका. उलटं मात्र चालतं. आत ५९०चा किंवा सर्व लहरी सोडणारा स्वच्छ काचेचा फिल्टर असेल तर भिंगावर बाहेरून ७२० किंवा ८३० चढवता येतो. पुढचा कॅमेरा बदलून घ्याल तेव्हा हे ध्यानात ठेवा.

गुलाबी-किरमिजी झाडांची गोष्ट मात्र वेगळी आणि जास्त रंजक आहे. ती कोडॅकच्या एअरोक्रोम नावाच्या फिल्ममधून आली. दुसऱ्या महायुद्धात शत्रूने रणगाड्यांवर हिरवी जाळी किंवा रंग टाकला की विमानातून काढलेल्या साध्या फोटोत तो झाडीत मिसळून जाई. पण हिरवा रंग म्हणजे पान नव्हे. अवरक्ताला संवेदनशील असलेल्या रंगीत फिल्ममध्ये खरी झाडी लाल आणि रंगवलेला हिरवा वेगळाच दिसे. या फिल्मच्या रंगांची वाटणी ठरलेली होती. अवरक्त लाल दाखवायचं, लाल हिरवा दाखवायचा, हिरवा निळा दाखवायचा आणि निळा पिवळ्या फिल्टरने बाहेरच अडवायचा. एअरोक्रोम बंद झाल्याला आता दीड दशक होऊन गेलं. तिच्या शेवटच्या काही साठ्यांवर रिचर्ड मॉस या आयरिश छायाचित्रकाराने काँगोतल्या यादवीचे फोटो काढले. बंदूकधारी सैनिक आणि मागे गुलाबी डोंगर. आज जो तो गुलाबी झाडांच्या मागे लागलेला आहे त्याला बऱ्याच अंशी ते फोटो कारण आहेत.

हीच वाटणी आपल्याकडेही ओळखीची आहे, फक्त छायाचित्रकारांना नाही. पी. आर. पिशारोटी, पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक, यांनी १९७०च्या सुमाराला केरळातल्या नारळाच्या बागांचे हवेतून अवरक्त रंगीत फोटो काढवले. तिथे नारळाला मुळांचा एक रोग लागत होता आणि झाड बाहेरून आजारी दिसेपर्यंत उशीर झालेला असे. अवरक्तात निरोगी झावळ्या लाल चमकतात. झाड आतून खचू लागलं की तो लाल आधीच फिका पडतो. भारतातल्या सुदूर संवेदनाची सुरुवात या प्रयोगापासून मोजतात. पुढे १७ मार्च १९८८ला आयआरएस-१ए उपग्रह गेला. त्याच्या कॅमेऱ्यांत निळा, हिरवा, लाल यांच्या जोडीला अवरक्ताचा पट्टा होता, आणि नकाशे छापताना अवरक्ताला लाल देण्याची पद्धत तीच राहिली. उच्च न्यायालयाच्या २००५च्या आदेशानंतर मुंबई परिसरातल्या कांदळवनांची जी मोजणी झाली ती उपग्रहचित्रांवरूनच. या पद्धतीच्या चित्रात वसईच्या खाडीकाठची तिवरं गडद लाल दिसतात आणि शेजारची मिठागरं निळसर.

डिजिटलमध्ये हे करता येतं का? येतं, आणि तेही प्रामाणिकपणे. कॅमेरा पूर्ण वर्णपटासाठी बदललेला हवा आणि भिंगावर निळा अडवणारा गडद पिवळा फिल्टर. मग निळ्या चॅनलमध्ये फक्त अवरक्त उरतं. हिरव्या चॅनलमध्ये हिरवा अधिक अवरक्त, लालमध्ये लाल अधिक अवरक्त. निळा चॅनल बाकीच्या दोघांतून वजा केला की तिघं वेगळे होतात. वजा किती करायचं ते कॅमेऱ्यागणिक बदलतं आणि हाताने जुळवावं लागतं. मग अवरक्त लालमध्ये, लाल हिरव्यात, हिरवा निळ्यात टाका. एअरोक्रोम तयार! या वजाबाकीची यातायात नको असेल तर थेट तसा परिणाम देणारे खास फिल्टरही आता मिळतात. तुमच्या ७२०मधून हे होणार नाही, कारण हिरवा उजेड तुमच्या सेन्सरपर्यंत पोचतच नाही. ७२०चा फोटो गुलाबी केलेला पाहिलात की समजा, ती मात्र फोटोशॉपची करामत.

आता फोटो काढतानाची एकच गोष्ट सांगतो, जी रंग घालवते: एक्स्पोजर. कॅमेऱ्याचा पांढरा हिस्टोग्राम तिन्ही चॅनलांची गोळाबेरीज दाखवतो आणि सगळं ठीक आहे असं सांगतो. त्याच वेळी लाल चॅनल उजव्या भिंतीला जाऊन धडकलेला असतो. तो एकदा फुटला की पान आणि ढग यांच्यातला फरक गेला आणि व्हाइट बॅलन्सला धरायला काही उरलं नाही. लाल, हिरवा, निळा वेगळे दाखवणारा हिस्टोग्राम चालू करा आणि लाल कड्याच्या आत ठेवा, इतर दोन कितीही डावीकडे गेले तरी. आयएसओ सगळ्यात खालचा ठेवा. हिरवा-निळा उचलताना त्यांच्यातला रवाळपणाही उचलला जातो, आणि अदलाबदलीनंतर तो लाल चॅनलमध्ये जाऊन बसतो, जिथे तो आणखी दिसतो. जेपीईजीवर हे काम करू नका. आठ बिटांत आकाशाला पट्टे पडलेच म्हणून समजा.

भिंगाचंही पाहा. काही भिंगं अवरक्तात चौकटीच्या मध्यभागी एक फिकट गोल ठिपका टाकतात आणि छिद्र जितकं लहान कराल तितका तो ठसठशीत होतो. एफ ५.६ किंवा ८वर काम भागवा, १६वर जाऊ नका. व्ह्यूफाइंडरमधून फोकस करता की लाइव्ह व्ह्यूमधून, तेही पाहा. डीएसएलआरचं फोकस मोजणारं यंत्र दिसणाऱ्या उजेडासाठी बसवलेलं असतं आणि अवरक्ताचं फोकस थोडं पुढेमागे पडतं. जुन्या भिंगांवर फोकसच्या रेघेशेजारी लाल ठिपका असे, तो याचसाठी. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस खुद्द सेन्सरवरून होतं, त्यामुळे ही भानगड राहत नाही.

वसईत तुमचा हंगाम म्हणजे सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. पावसाने हवा धुतलेली, पांढरे ढग अजून आहेत, गवत हिरवं आहे. बाकीचे छायाचित्रकार ज्या वेळी कॅमेरा पिशवीत घालतात त्या दुपारच्या कडक उन्हात तुम्ही बाहेर पडा; अवरक्तात सावल्या आणि ढग तेव्हाच छान येतात. अवरक्त धुकं भेदतं असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. हवेच्या रेणूंनी विखुरलेला निळसरपणा ते कापतं, पण समुद्रकाठच्या दमट हवेतल्या पाण्याच्या थेंबांपुढे किंवा डिसेंबर-जानेवारीच्या धुरक्यापुढे त्याचं काही चालत नाही. त्या दिवसांत आकाश निळं करू गेलात तर ते मळकटच राहणार, कितीही चॅनल फिरवा. मग सरळ कृष्णधवल करा.

विषयाची तुम्हाला कमतरता नाही. केळीची बाग घ्या. तिचं रुंद पान उन्हात अर्धपारदर्शक उजळतं आणि त्याच्या शिरा स्वच्छ उमटतात. बावखलाचं पाणी घ्या. पाणी अवरक्त गिळतं, म्हणून बावखल काळंभोर येतं आणि काठावरचे माड त्यात पांढरे उलटे उभे राहतात. सुरूची झाडं मला अवरक्तात आवडत नाहीत. त्यांच्या सुया इतक्या बारीक असतात की सगळा पांढरा धूसरपणा होतो. किल्ल्यात ट्रायपॉड न्यायचा असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे परवानगीची चौकशी करा, संरक्षित स्मारकांत तो असाच लावू देत नाहीत. बदललेल्या कॅमेऱ्याला उन्हात त्याची गरजही पडत नाही. न बदललेल्या कॅमेऱ्यावर बाहेरून फिल्टर लावणाऱ्यांनाच अर्धा-अर्धा मिनिट शटर उघडं ठेवावं लागतं.

होळीच्या रात्रीचं उत्तर थोडक्यात. नाही, अंगातली उष्णता दिसणार नाही. माणसाचं शरीर ज्या लहरी सोडतं त्या नऊ-दहा हजार नॅनोमीटरच्या आसपासच्या. तुमचा सेन्सर ११००ला थांबतो. त्यासाठी थर्मल कॅमेरा लागतो, त्याची जातच वेगळी. पण होळीचा फोटो जरूर काढा. जळती लाकडं आणि ज्वाळेतली तापलेली काजळी यांच्यातून तुमच्या पट्ट्यातलं अवरक्त भरपूर बाहेर पडतं. डोळ्याला मंद वाटणारे निखारेही कॅमेऱ्यात लखलखीत येतील आणि त्यांच्या उजेडात भोवतालचे चेहरे मेणासारखे नितळ. दुसऱ्या दिवशी रंग खेळून आलेल्या मंडळींचा फोटो काढलात तर आणखी गंमत. बहुतेक कृत्रिम रंगद्रव्यं अवरक्तात पारदर्शक असतात, त्यामुळे गुलालाने माखलेले गाल जवळजवळ स्वच्छ दिसतात. ज्याने काळं वंगण किंवा काजळ फासलंय तोच तेवढा पकडला जातो, कारण काजळी दिसणाऱ्या उजेडाइतकंच अवरक्तही शोषते. काळ्या कपड्यांचंही असंच. कृत्रिम रंगाचा काळा शर्ट बऱ्याचदा फिकट विटकरी किंवा पांढुरका येतो, आणि शेजारची काळी छत्री काळीच राहू शकते.

जाता जाता, उरलेला एखादा जुना कॅमेरा घरी उघडून बदलायचा विचार असेल तर थांबा. ज्यात फ्लॅश आहे त्या कॅमेऱ्याच्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यानंतरही तीनशे व्होल्टच्या आसपास वीज साठून राहू शकते. हे काम माहीतगाराकडेच द्या. आणि पुढच्या पत्रासोबत तुमच्या किल्ल्यातल्या फोटोची मूळ रॉ फाइल पाठवा, लाल आहे तशीच. त्याच चौकटीत कुठेतरी गिलावा, पान आणि आकाश तिन्ही असू द्या, म्हणजे व्हाइट बॅलन्स नेमका कुठे घ्यायचा ते दाखवता येईल.